‘कॉम्बो पॅकेज’ची तारीख घेण्याआधी

(पत्राचा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

माझं वय ३४. बँकेत नोकरी, पाच वर्षांचा मुलगा, घरात नवरा आणि सासू-सासरे. बाळंतपण नॉर्मल झालं, टाके पडले होते. माझे योनीचे आतले ओठ वयात आल्यापासूनच बाहेर दिसतात, एका बाजूचा जरा जास्तच. घट्ट जीन्स घातली किंवा स्कुटीवरून लांब जाणं झालं की ते घासतात, कधी सोलवटतात. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी लेझरने केस काढून घेतले, तेव्हापासून आरशात पाहिलं की किळस वाटते. त्यातच एकदा जवळीक असताना नवरा हसत हसत काहीतरी बोलला. ते इथे लिहवत नाही, पण तेव्हापासून मी दिवा चालू ठेवू देत नाही. इन्स्टाग्रामवर एका क्लिनिकची जाहिरात पाहिली. लेबियाप्लास्टी (म्हणजे आतले ओठ कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया), लेझरने योनी घट्ट करणं आणि त्या भागाचा रंग उजळणं, तिन्ही एकत्र, दिवाळीपर्यंत सवलत. दहा हजार भरून तारीख घेतली आहे. नवरा तेव्हा पाच दिवस कामासाठी बाहेरगावी असेल. तेवढ्यात उरकायचं आणि घरी ‘गाठ काढली’ म्हणून सांगायचं, असं ठरवलंय. करू ना? आणि पाच दिवसांत बरी होईन ना?

—

प्रिय मैत्रीण,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. नाही होणार. पाचव्या दिवशी सूज नुकती ओसरायला लागलेली असते, टाके जागेवर असतात आणि खुर्चीत बसतानाही एका कुशीवर कललात तरच बरं वाटतं. तेव्हा शस्त्रक्रिया करायची की नाही हे आपण पुढे बघू, पण ती तारीख आजच रद्द करा.

आता पहिला प्रश्न. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात त्रास म्हणावा असा एकच आहे, घासणं आणि सोलवटणं. सैलपणाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. रंगाबद्दलही नाही. तरीही तुम्ही ज्याचे पैसे भरलेत त्यात या दोन्ही गोष्टी आहेत, कारण जाहिरातीत त्या होत्या. तुम्हाला नसलेली दोन दुखणी जाहिरातीने तुमच्या पदरात घातली आणि वर त्यांच्यावर सवलत दिली!

आधी ही दोन दुखणी बाजूला करू. योनीच्या आसपासची त्वचा अंगाच्या बाकी त्वचेपेक्षा गडद असते. वयात येताना संप्रेरकांमुळे ती गडद होते, गरोदरपणात आणखी होते. गोऱ्या बायकांचीही होते. तिथे लावायच्या उजळवणाऱ्या क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा हायड्रोक्विनोन असेल तर त्वचा पातळ पडते, आग होते, आणि क्रीम थांबवल्यावर रंग परत येतो, कधी आधीपेक्षा गडद होऊन. ज्या त्वचेला आधीच घासल्याने इजा होते तिच्यावर हा प्रयोग करण्यात काहीच शहाणपण नाही.

‘लेझरने घट्ट करणं’ हा प्रकार तर मला अधिक खटकतो. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, या उपकरणांबद्दल जाहीर इशारा दिला. योनी ‘तरुण’ करण्यासाठी म्हणून या यंत्रांना त्यांनी मान्यता दिलेली नाही, आणि भाजणं, व्रण राहणं, संबंधांच्या वेळी दुखणं, दीर्घकाळ वेदना राहणं अशा तक्रारी त्यांच्याकडे आलेल्या होत्या. पुढे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या स्त्रियांवर झालेल्या चाचणीत काहींना खरं लेझर दिलं आणि काहींना नुसतं यंत्र फिरवून दाखवलं. वर्षभराने दोन्ही गटांच्या तक्रारींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. बाळंतपणानंतर कुणाला खरोखरच सैल वाटत असेल, खोकताना लघवीचा थेंब येत असेल, तर इलाज ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा आहे. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. एका वेळी निदान आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लोकलमध्ये उभं राहूनही करता येतो. जमतोय की नाही याची शंका असेल तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला एकदा भेटा. आणि काही जड बाहेर येतंय असं वाटत असेल तर अंग बाहेर येण्याची तपासणी करून घ्या, ते वेगळं दुखणं आहे.

उरलं ते तुमचं स्वतःचं. त्यातही दोन धागे एकमेकांत गुंतलेत, कातडी सोलवटणं आणि आरशातली किळस. पहिल्यावर शस्त्रक्रियेचा उपयोग होऊ शकतो. दुसरीवर होईलच असं नाही.

किळस कुठून आली, ते तुम्हीच लिहिलंय. वयात आल्यापासून ओठ असेच होते. वीसएक वर्षं त्यांनी तुमच्या मनाला काही केलं नाही. केस गेले, झाकण गेलं, आणि मग नवऱ्याचं ते वाक्य आलं. तुलना कुणाशी केली? आपल्याकडे बाई दुसऱ्या बाईला तिथे कधी बघत नाही. मैत्रिणीचं माहीत नसतं, आईचं माहीत नसतं. पुरुषांना दिसतं ते मोबाइलवरच्या फिल्ममधलं, निवडलेलं, कापलेलं, कधी चित्रातच पुसलेलं. आम्हा डॉक्टरांच्या पुस्तकांतही पिढ्यान्‌पिढ्या एकच नीटस आकृती छापली जाते, त्यामुळे आमच्यातलेही काही जण तीच खरी मानतात.

प्रत्यक्षात काय असतं? स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या रुग्णालयात १५ ते ८४ वयाच्या ६५७ स्त्रियांची मोजमापं घेतली गेली आणि ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. आतल्या ओठांची लांबी ५ मिलीमीटरपासून १०० मिलीमीटरपर्यंत निघाली. वीसपट फरक, आणि या बायका काही ओठांची तक्रार घेऊन आलेल्या नव्हत्या. ‘नॉर्मल’चा एक आकडा सांगता येत नाही, असंच त्या अभ्यासातून दिसतं. डावं-उजवं सारखं नसणं, आतले ओठ बाहेरच्यांपेक्षा लांब असणं, कडा झालरीसारख्या असणं, माझ्या ओपीडीत हे सगळं रोजचं आहे. तुमच्या वर्णनात मला विकृती म्हणावी असं काही दिसत नाही. अर्थात पत्रावरून तपासणी होत नाही, त्यामुळे जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला एकदा दाखवाच. सोलवटण्यामागे बुरशीचा संसर्ग, साबणाची किंवा ‘इंटिमेट वॉश’ची अ‍ॅलर्जी, एक्झिमा असंही काही असू शकतं. त्या भागाला पांढुरके चट्टे आणि खाज असेल तर लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचारोग बघावा लागतो. खाज वारंवार येत असेल तर साखर तपासा. यातलं काही निघालं तर त्यावर औषध आहे, सुरी नाही. आणि एकच बाजू अलीकडे वाढली असेल, गाठ किंवा फोड असेल, तर थांबू नका.

तपासणीत काही निघालं नाही तर आठ आठवडे हे करून बघा. लेगिंग आणि घट्ट जीन्सऐवजी सैल सुती कपडे, शिवण मध्यभागी येणार नाही अशी सुती निकर. साबण, वॉश, सुगंधी पॅड बंद, नुसतं पाणी. स्कुटीवर लांब जायचं असेल तर आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. आणि केस थोडे वाढू द्या. ते घर्षणापासून वाचवतात. तुमचा त्रास लेझरनंतर वाढला का, हे आठवून बघा. पुष्कळ जणींचं सोलवटणं एवढ्यावर थांबतं.

नाही थांबलं तर? तर लेबियाप्लास्टी हा रास्त पर्याय आहे, आणि तो निवडताना तुम्हाला कुणासमोर ओशाळायचं कारण नाही. काही बायकांना सायकल चालवता येत नाही, खेळता येत नाही, संबंधांच्या वेळी ओठ आत ओढले जाऊन दुखतं. विचारपूर्वक केलेल्या शस्त्रक्रियेनंतर त्यांतल्या बहुतेक जणी समाधानी असतात. ज्या निराश होतात त्या बहुधा वेगळंच काही मागायला आलेल्या असतात. तेव्हा स्वतःला एक विचारा. नवरा तसं बोललाच नसता आणि आरसाही नसता, तर केवळ घासण्यासाठी मी हे केलं असतं का? ‘हो’ आलं तर पुढे जा. दिवसातून कितीदा आरसा घेऊन बघता, कपडे निवडताना, कार्यक्रमाला जाताना हाच विचार असतो का, हेही बघा. तसं असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी समुपदेशकाशी बोला. या मनोवस्थेत कापून घेतलं की समाधान टिकत नाही, खोट दुसरीकडे दिसायला लागते. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नवऱ्याबद्दल. कायद्याने त्याची परवानगी लागत नाही, कोणत्याही सज्ञान बाईला स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठी लागत नाही. एखाद्या रुग्णालयाने ‘मिस्टरांची सही’ मागितली तर ती त्यांची सवय आहे, नियम नव्हे. पण तो एक वाक्य बोलून विसरला असेल आणि तुम्ही त्याच्यासाठी भूल घ्यायला निघालात, हे त्याला कळायला नको? रात्री, जवळीक सुरू असताना हा विषय काढू नका. दिवसा, बाहेर चहा पिताना काढा. ‘त्या दिवशी तू जे बोललास ते मला लागलं, तेव्हापासून मी दिवा घालवते’ एवढं पुरे. बरेच नवरे खजील होतात. दिवा घालवण्याचं कारण आपण आहोत हे त्यांच्या गावीही नसतं. आणि तो खजील न होता ‘मग करून घे की’ म्हणाला, किंवा असं बोलणं त्याची सवयच असेल, तर प्रश्न तुमच्या शरीराचा राहत नाही. शरीराबद्दल सतत अपमान करणं हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भावनिक छळ म्हणून बसतं, हे सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावं.

मधेच एक, मुलींच्या आयांसाठी. पंधरा-सोळाच्या लेकीला घेऊन ‘हिचं जरा कमी करता येईल का’ म्हणून येणाऱ्या आया आता दिसायला लागल्या आहेत. त्या वयात हे अवयव अजून वाढत असतात. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१३ मध्येच म्हटलं की १८ वर्षांखाली ही शस्त्रक्रिया सहसा करू नये. लेकीला कापडी निकर आणि दोन धीराचे शब्द द्या.

आता करायचंच ठरलं तर कुणाकडे? प्लास्टिक सर्जन (एमसीएच किंवा त्या विषयातला डीएनबी) किंवा या कामाचा अनुभव असलेले स्त्रीरोगतज्ज्ञ. नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत आहे का बघा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढीच पाटी असेल तर तिथून उठा. भूलतज्ज्ञ कोण, ऑपरेशन थिएटर कुठे, रात्री रक्त सुरू झालं तर फोन कोण उचलेल, हे विचारा. कोणत्या पद्धतीने करणार हेही विचारा. कड छाटून टाकतात किंवा मधला त्रिकोणी तुकडा काढून कड तशीच ठेवतात. पहिलीत नैसर्गिक कड जाते, दुसरीत टाके उसवण्याची शक्यता जरा जास्त. किती ठेवणार, हा प्रश्न ‘किती काढणार’पेक्षा महत्त्वाचा. साधारण एक सेंटीमीटर तरी राहायला हवा. जास्त कापलं गेलं तर कोरडेपणा, दुखणारा व्रण, संवेदना बदलणं हे जन्माला पुरतं, आणि कापलेलं परत लावता येत नाही.

संमतीपत्रावर फक्त लेबियाप्लास्टी लिहिलेली असू द्या. ‘भूल दिलीच आहे तर लेझरही करून टाकू’ हे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हेच स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या त्या बाईंचं गर्भाशय आईची संमती घेऊन काढलं गेलं होतं. न्यायालयाने ते अवैध ठरवलं.

पैशांचंही नीट समजून घ्या. आरोग्य विम्यात सौंदर्य शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात. शिवाय अशा शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो जाहिरातीतल्या आकड्यात धरलाय का विचारा. पुन्हा दुरुस्ती करावी लागली तर खर्च कुणाचा, हे लेखी घ्या. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तो आधी होऊ द्या. या शस्त्रक्रियेनंतर नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं, पण बाळंतपणात ती जागा पुन्हा ताणू किंवा फाटू शकते, मग पैसे वाया.

तारीख पाळी संपल्या संपल्याची घ्या, म्हणजे पुढच्या पाळीपर्यंत तीनेक आठवडे मिळतात. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. आणि एक गोष्ट बायका डॉक्टरांपासून लपवतात म्हणून मुद्दाम लिहिते, मिश्री. तंबाखूतल्या निकोटिनने जखमेचा रक्तपुरवठा घटतो आणि टाके उसवतात. आधी-नंतर चार-चार आठवडे पूर्ण बंद.

शस्त्रक्रिया तास-दोन तासांची, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. पण पहिल्या रात्री घरात मोठं माणूस जागं हवं. रक्त साकळण्याचा धोका पहिल्या दिवस-दोन दिवसांत असतो, आणि म्हणूनच ‘कुणाला न सांगता’ हा बेत मला धोक्याचा वाटतो. नवरा नको असेल तर बहीण, मैत्रीण, आई, कुणीही. सासूबाईंना सगळं सांगायची गरज नाही. ‘बायकांचं ऑपरेशन आहे, टाके आहेत’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. ‘गाठ’ म्हणालात तर त्या रिपोर्ट मागतील, चार जणींना फोन करतील आणि तुम्हालाच उत्तरं देत बसावं लागेल.

पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत जाते. ओठ आधीपेक्षा मोठे, काळेनिळे दिसतात, घाबरू नका. कंबरेखाली उशी घेऊन आडवं राहायचं, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नाही. लघवी करताना चुरचुरतं, तेव्हा बाटलीतून कोमट पाणी वरून सोडत राहा. नंतर पुसू नका, मऊ सुती कापडाने टिपा. टबात कोमट पाण्यात बसायचं ते डॉक्टर सांगतील तेव्हापासून. देशी संडासात उकिडवं बसून टाक्यांवर ताण येतो, घरात कमोड नसेल तर महिनाभरासाठी संडासावर ठेवायची खुर्ची आणा. रात्री इसबगोल, म्हणजे कुंथावं लागणार नाही. घरातली वडीलधारी माणसं ओव्याची धुरी, हळदीचा लेप, तूप सुचवतील, प्रेमाने सुचवतील. काही लावायचं नाही.

खुर्चीतलं काम आठवड्या-दहा दिवसांत जमतं. मांडी घालून बसणं, मुलाला कडेवर घेणं, पाण्याच्या बादल्या हे तीन-चार आठवडे दुसऱ्यांकडे. स्कुटी, सायकल, पोहणं, टॅम्पॉन किंवा कप आणि संबंध, यांना सहा आठवडे सुट्टी. पाळी आली तर सुती पॅड, वरचेवर बदलायचा. टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळतात, त्या काळात खाज सुटते. एखादा टाका लवकर सुटून छोटी फट पडली तर ती बहुतेक वेळा आपसूक भरते. ताप, पू, घाण वास, एकच बाजू एकाएकी टम्म फुगून ठणकणं, तासाभरात पॅड भिजणं, लघवी न होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

आरसा निदान सहा आठवडे लांब ठेवा. एक बाजू दुसरीपेक्षा हळू उतरते आणि त्या वेळी ‘बिघडलं’ अशी खात्री पटते. अंतिम आकार तीन ते सहा महिन्यांनी ठरतो, दुरुस्तीची चर्चाही त्यानंतरच. पहिल्या संबंधांच्या वेळी घाई नको, वंगण वापरा. दुखलं तर थांबा, आणि दुखणं महिन्याभरात गेलं नाही तर परत दाखवा.

शेवटी ते दहा हजार. ते गेले म्हणून शस्त्रक्रिया करून घेणं, हा हिशेब करू नका. क्लिनिकला व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, ईमेलवर लिहा की तारीख रद्द करत आहे, आगाऊ रक्कम परत करावी. पावती नसेल तर यूपीआयची नोंद जोडा. त्यांनी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे शस्त्रक्रिया कसली होती हे उलगडून सांगायची गरज नाही, ‘वैद्यकीय सेवेसाठी आगाऊ रक्कम’ एवढं पुरतं.